फ्रीडरिश मोस : दगडानं दगड ओरखडणारा हा माणूस दाताच्या कॅपपर्यंत कसा पोहोचला?

नाशिकहून पुण्याकडे निघालं की सिन्नरजवळ माळेगाव एमआयडीसी लागते. कारखान्यांच्या गर्दीत तिथं ‘गारगोटी’ नावाचं खनिजांचं संग्रहालय आहे. सह्याद्रीच्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांमध्ये तयार झालेले हिरवे, गुलाबी, दुधी स्फटिक तिथं मांडून ठेवलेत.

आणि याच नाशिकमध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. राज्यभरातल्या डेंटल कॉलेजमधली पोरं इथल्याच परीक्षा देऊन दातांचे डॉक्टर होतात. त्यांना ‘डेंटल मटेरियल्स’ नावाचा एक विषय असतो. दातात भरायचं सिमेंट, साच्याचं प्लास्टर आणि कॅपची सिरॅमिक, सगळं त्यात आलं.

आता दगडांचं संग्रहालय आणि दातांची कॅप यांचा काय संबंध?

संबंध आहे. एखादी वस्तू दुसरीपेक्षा किती कठीण, हे आकड्यात सांगायची सवय जगाला ज्यानं लावली, तो एकच माणूस दोन्हीकडे येतो. त्याचं नाव फ्रीडरिश मोस. स्पेलिंगमध्ये एक एच आहे, तो बोलताना गायब होतो.

रूट कॅनल झालेल्या कुणालाही हा प्रश्न पडलेला असतो. डॉक्टर विचारतात, कॅप कुठली बसवायची? मेटलवर सिरॅमिकची, नुसत्या सिरॅमिकची की झिर्कोनियाची? जसजसं पुढं जावं तसतसा खर्च वाढतो. मग कुणीतरी सांगतं, झिर्कोनिया सगळ्यात कठीण, म्हणून तीच भारी. या वाक्यातला पहिला भाग बरोबर आहे. दुसरा भाग मात्र तपासून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी मोसची गोष्ट माहीत असलेली बरी.

मोसचा जन्म २९ जानेवारी १७७३ चा. गाव गेर्नरोडे, जर्मनीतल्या हार्त्स डोंगररांगेच्या पायथ्याशी. हा सगळा पट्टा खाणींचा. पोराला लहानपणापासून विज्ञानाचा नाद होता. सुरुवातीचं शिक्षण घरीच झालं. पुढे हाले विद्यापीठात त्यानं गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र घेतलं. तिथून तो गेला फ्रायबर्गच्या खाणकाम अकादमीत.

फ्रायबर्ग म्हणजे त्या काळी दगड शिकणाऱ्यांची काशी. तिथं आब्राहम वेर्नर नावाचे गुरुजी होते, ज्यांच्याकडे शिकायला अख्ख्या युरोपातून मुलं यायची. वेर्नर यांची पद्धत अशी की खनिज हातात घ्यायचं, रंग बघायचा, चमक बघायची, वजनाचा अंदाज घ्यायचा आणि ओळखायचं. कठीणपणाही ते बघायचे, पण ढोबळ. हा मऊ, हा मध्यम, हा कठीण. एकाचा मध्यम दुसऱ्याला कठीण वाटला तर काय करायचं, याचं उत्तर नव्हतं.

मोस शिकून बाहेर पडला आणि १८०१ मध्ये हार्त्समधल्याच नॉयडॉर्फच्या खाणीत मुकादम झाला. पण खाणीत तो रमला नाही. पुढच्याच वर्षी तो व्हिएन्नाला गेला. तिथं फान डेर न्यूल नावाचा एक बँकवाला होता. त्याला खनिजं जमवायचा शौक. घरात ढीगभर नमुने, पण त्यातल्या कित्येकांची नीट ओळख पटलेली नाही. मोसला काम मिळालं ते या ढिगाची यादी करायचं.

ऐकायला कारकुनी वाटतं, पण मोसचं आयुष्य इथंच वळलं.

कारण यादी करायची म्हणजे प्रत्येक नमुना ओळखायचा. रसायनशास्त्राच्या वाटेनं गेलं तर नमुन्याचा तुकडा फोडा, कुटा, ॲसिडमध्ये टाका, भट्टीत घाला. मालकाच्या हौशीच्या वस्तूंचं असं कोण करू देईल? आणि खाणीत उभ्या असलेल्या माणसाकडे प्रयोगशाळा कुठून येणार? नुसतं बघून, हाताळून आणि फार तर एक बारीक ओरखडा काढून ओळख पटायला हवी होती. १८०४ मध्ये त्या संग्रहाची यादी छापून आली आणि मोसचं नाव झालं.

त्यानंतर काही वर्षं तो ऑस्ट्रियातल्या खाणी हिंडला. १८११ मध्ये सम्राटाचा भाऊ आर्चड्यूक योहान यानं ग्राझ शहरात योआनेउम ही संस्था काढली. अर्धं संग्रहालय, अर्धं कॉलेज. योहानला स्वतःला खनिजांची आवड होती. १८१२ मध्ये मोस तिथं प्राध्यापक झाला, आणि ज्या गोष्टीसाठी जग त्याला ओळखतं ती त्यानं याच ग्राझमध्ये केली.

आयडिया इतकी साधी होती की आधी कुणी पक्की का केली नाही, याचंच नवल वाटतं. अ नं ब वर ओरखडा उठला, पण ब नं अ वर उठला नाही, तर अ जास्त कठीण. ही युक्ती प्राचीन ग्रीकांनाही माहीत होती. मोसनं केलं काय, तर सहज मिळतील अशी १० खनिजं निवडली, मऊकडून कठीणकडे एका रांगेत उभी केली आणि त्यांना नंबर दिले. आता कुठलाही अनोळखी दगड घ्या. ६ नंबर त्याला ओरखडत नसेल आणि ७ नंबर ओरखडत असेल, तर त्याची जागा त्या दोघांच्या मध्ये. ग्राझमधला माणूस आणि लंडनमधला माणूस आता एकच आकडा सांगू शकत होते.

ती रांग अशी. १ शंखजिरं, २ जिप्सम, ३ कॅल्साइट, ४ फ्लोराइट, ५ ॲपेटाइट, ६ फेल्डस्पार, ७ क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी, ८ पुष्कराज, ९ कुरुंद आणि १० हिरा. यातला कुरुंद तर नावानिशी आपल्याकडचा. इंग्रजीतला कोरंडम हा शब्द भारतीय भाषांतूनच तिकडे गेलाय. माणिक आणि नीलम ही कुरुंदाचीच रंगीत रूपं.

आता ही यादी घेऊन दातांच्या दवाखान्यात शिरा. गंमत सुरू होते.

दाताचं माप घेतल्यावर जो पांढरा साचा बनतो तो प्लास्टरचा, म्हणजे शेवटी जिप्सम. नंबर २. दंतमंजनात आणि कित्येक टूथपेस्टमध्ये दात घासायला जो खडू असतो, तो रसायनानं कॅल्साइटच. नंबर ३. फ्लोराइड हे नाव फ्लोराइटच्या घराण्यातलं, नंबर ४. नंबर ५ ॲपेटाइट, आणि आपल्या दातावरचं चकचकीत आवरण म्हणजे इनॅमल बनलंय ते याच ॲपेटाइटच्या जातीच्या स्फटिकांचं. म्हणून इनॅमलचा कठीणपणा मोसच्या पट्टीवर साधारण ५ येतो. नंबर ६ फेल्डस्पार, ज्यापासून दाताची पारंपरिक पोर्सेलीन बनते. त्यात थोडं क्वार्ट्झही असतं. ९ नंबरच्या कुरुंदाची, म्हणजे ॲल्युमिनाची पूड कॅप आतून खरखरीत करायला फवारतात, आणि त्याच ॲल्युमिनाच्या कॅपही बनायच्या. १० नंबरचा हिरा दात आणि कॅप कोरणाऱ्या बरच्या टोकाला बसवलेला असतो.

दहापैकी एक पुष्कराज सोडला आणि शंखजिऱ्याला माफ केलं, तर बाकी सगळे दवाखान्यात हजर. मोसनं दातांचा विचार करून यादी केलेली नव्हती. पण दात हेसुद्धा एका खनिजाचंच काम, त्यामुळे त्याच्या नियमातून तेही सुटत नाहीत.

हा नियम गावाकडच्या माणसाला पट्टी न बघताही ठाऊक होता. नवीन टाकी मारलेल्या जात्यावरच्या पहिल्या पिठाची भाकरी कचकच लागते, म्हणून ते पीठ बाजूला काढायचे. वाळूचा कण म्हणजे बहुतेकदा क्वार्ट्झ, ७ नंबर. इनॅमल ५ नंबर. कोण कुणाला ओरखडणार, हे ठरलेलंच. राखुंडीत माती मिसळून किंवा विटेच्या पुडीनं वर्षानुवर्षं दात घासणाऱ्यांचे दात झिजतात, त्यामागचं गणितही हेच.

पण मोसच्या पट्टीत एक खोट आहे, आणि कॅप विकताना नेमकी तीच विसरली जाते. हे नंबर म्हणजे शर्यतीतले क्रमांक आहेत, अंतर नाही. ८ आणि ९ मध्ये एकाचा फरक दिसतो, पण प्रत्यक्षात कुरुंद पुष्कराजाच्या जवळपास दुप्पट कठीण. ९ आणि १० मध्येही एकच फरक, पण हिरा कुरुंदाच्या सुमारे चौपट. शिवाय नंबर फक्त इतकंच सांगतो की कोण कुणाला ओरखडेल. का, हे सांगत नाही.

‘का’च्या प्रश्नावर मोसचं आयुष्यभर लोकांशी वाजलं.

१८१७ मध्ये वेर्नर वारले आणि १८१८ मध्ये त्यांच्या खुर्चीवर, फ्रायबर्गला, मोसला बोलावलं गेलं. शिष्य गुरूच्या जागी बसला. १८२२ ते १८२४ मध्ये त्याचा खनिजशास्त्राचा मोठा ग्रंथ आला. विल्हेल्म हायडिंगर हा त्याचा लाडका विद्यार्थी. त्यानं १८२५ मध्ये या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर एडिनबरामधून छापलं आणि मोस इंग्रजी जगात पोहोचला.

या ग्रंथात मोसनं एक हट्ट धरला होता. वनस्पतींचं जसं लिनियसनं वर्गीकरण केलं, तसं खनिजांचं करायचं आणि तेही फक्त बाहेरून दिसणाऱ्या गुणांवर. स्फटिकाचा आकार, कठीणपणा, घनता, बस. आत कुठली मूलद्रव्यं आहेत, हा रसायनवाल्यांचा प्रश्न, खनिजशास्त्राचा नव्हे. नावंही त्यानं वनस्पतींसारखी लांबलचक दिली. साध्या कॅल्साइटला तो ऱ्हाँबोहेड्रल लाइम-हॅलॉइड म्हणायचा. त्याच वेळी स्वीडनचा बर्झेलियस खनिजांची रसायनावरून मांडणी करत होता. स्फटिकांच्या वर्गवारीचा मान कुणाचा, यावरून बर्लिनच्या ख्रिस्टियान वाइसशीही मोसचा वाद झाला.

निकाल काय लागला? मोसची वर्गवारी आणि ती नावं पुसली गेली. रसायनवाले जिंकले. ओरखड्याची पट्टी तेवढी उरली.

पण कठीणपणाच्या बाबतीत रसायनवालेही पूर्ण बरोबर नव्हते. हिरा आणि शिसपेन्सिलमधलं ग्राफाइट, दोन्ही निव्वळ कार्बन. एक १० नंबर, दुसरं १ ते २. म्हणजे आत काय आहे एवढंच पुरत नाही, ते कसं रचलंय हेही लागतं. अणूंची ही रचना क्ष-किरणांनी उलगडायला सुरुवात झाली ती १९१२ मध्ये, मोस ग्राझला गेला त्याला बरोबर १०० वर्षं झाल्यावर.

आणि दाताच्या सिरॅमिकचा सगळा खेळ या ‘कसं रचलंय’मध्ये आहे.

सिरॅमिकच्या कॅपमध्ये दोन गोष्टी असतात. एक काच आणि दुसरी त्या काचेत रुतलेले स्फटिक. चिक्कीसारखं समजा, गुळाचा पाक म्हणजे काच आणि शेंगदाणे म्हणजे स्फटिक. काच जास्त तर कॅप नैसर्गिक दातासारखी पारदर्शक दिसते, पण कठीणपणा आणि ताकद कमी. स्फटिक वाढवले, त्यांची जात बदलली की आकडे वर जातात. फेल्डस्पारच्या पोर्सेलीनमध्ये काच भरपूर, लिथियम डायसिलिकेटमध्ये निम्म्याहून जास्त स्फटिक आणि झिर्कोनियात काच जवळपास नाहीच, नुसते बारीक स्फटिक एकमेकांना चिकटलेले.

दुसरी गोष्ट म्हणजे भट्टी. पोर्सेलीनची पूड पाण्यात कालवून ब्रशनं थर देतात, हलवून हलवून पाणी काढतात आणि भाजतात. भट्टी कमी पडली तर कण नीट जुळत नाहीत. जास्त झाली तर आकार ढासळतो. आत हवेचे बुडबुडे राहिले तर पृष्ठभाग तिथं तिथं पोकळ राहतो आणि कठीणपणाचा आकडा घसरतो. म्हणून या भट्ट्या हवा ओढून घेणाऱ्या असतात. एकाच कंपनीची पूड, पण दोन लॅबमधून आलेल्या कॅप सारख्या निघतील याची खात्री नसते, ती यामुळे. जाहिरात पुडीची होते, टेक्निशियनचं नाव कुणी घेत नाही.

भट्टीचा परिणाम डोळ्यांनी बघायचा असेल तर झिर्कोनिया बघा. लॅबमध्ये येतो तेव्हा तो ठोकळा खडूसारखा असतो. मशिन त्याला आरामात कोरतं. मग तो १४५० ते १५५० अंशांच्या भट्टीत जातो, प्रत्येक बाजूनं सुमारे २० टक्के आकसतो आणि बाहेर येतो तेव्हा हिऱ्याशिवाय कशालाही दाद देत नाही. लिथियम डायसिलिकेटचंही तसंच. निळसर ठोकळा आधी मऊ अवस्थेत कोरायचा, मग सुमारे ८५० अंशांवर तापवायचा. आतले स्फटिक बदलतात आणि कॅप दाताच्या रंगाची आणि कठीण होते. पदार्थ तोच, घटक तेच. रचना बदलली की कठीणपणा बदलला.

इकडे मोस १८२६ मध्ये व्हिएन्नाला परतला. राजाच्या खनिजसंग्रहाजवळ त्याची व्याख्यानं व्हायची. १८३५ मध्ये सरकारनं त्याला खाणकाम खात्यात घेतलं. वयाची साठी उलटली तरी खाणी आणि डोंगर पालथे घालायची खोड काही गेली नाही. १८३९ मध्ये तो इटलीच्या प्रवासाला निघाला. आल्प्सच्या कुशीतल्या अगोर्दो या खाणीच्या गावी त्याचा आजार बळावला आणि २९ सप्टेंबरला तो गेला. वय ६६.

तो गेल्यावर त्याच्या पट्टीतल्या त्रुटी भरायला इंजिनिअर पुढे आले. १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये व्हिकर्स चाचणी आली. हिऱ्याचं चौकोनी टोक ठरावीक वजनानं दाबायचं आणि पडलेला खड्डा मोजायचा. १९३९ मध्ये, म्हणजे मोसच्या मृत्यूला १०० वर्षं झाली तेव्हा, अमेरिकेत नूप चाचणी आली, जी इनॅमलसारख्या पटकन तडकणाऱ्या पदार्थांना जास्त सोयीची. आता क्रमांकाऐवजी खरं अंतर कळू लागलं. व्हिकर्सवर इनॅमल साधारण ३०० ते ३५०, पोर्सेलीन त्याच्या दीडपट-दुप्पट आणि झिर्कोनिया १२०० च्या पुढे.

म्हणजे झिर्कोनिया दाताच्या जवळपास चौपट कठीण. इथं घाबरायचं की खूश व्हायचं?

आधी हे लक्षात घ्या की कठीणपणा म्हणजे ताकद नव्हे. हिरा सगळ्यात कठीण, पण योग्य जागी घाव बसला तर दुभंगतो. झिर्कोनिया टिकतो तो कठीण आहे म्हणून कमी आणि चिवट आहे म्हणून जास्त. त्यात यट्रियम ऑक्साइड मिसळलेलं असतं. चीर पुढे सरकू लागली की तिच्या टोकाशी असलेले स्फटिक आपला आकार बदलून फुगतात आणि चीर दाबून टाकतात. पुढच्या दातांसाठी जास्त पारदर्शक झिर्कोनिया मिळतो, त्यात यट्रियम वाढवलेलं असतं. त्याचा कठीणपणा जवळपास तेवढाच राहतो, पण ताकद निम्म्यापर्यंत खाली येऊ शकते. नुसता कठीणपणाचा आकडा बघणाऱ्याला हा फरक दिसणारच नाही.

दुसरं, कॅप एकटी नसते. तिच्यासमोर रोज हजार वेळा आपटणारा आपला खरा दात असतो. मोसच्या हिशोबानं जास्त कठीण तो कमी कठीणला झिजवणार. पण तोंडातल्या झिजेच्या चाचण्यांमध्ये उलटंच दिसलं. नीट गुळगुळीत केलेल्या झिर्कोनियासमोरचा दात, खडबडीत झालेल्या पोर्सेलीनसमोरच्या दातापेक्षा कमी झिजला. गुळगुळीत पृष्ठभागाला ओरखडायला टोकच उरत नाही, तो सरकतो. खडबडीत पृष्ठभाग मात्र पॉलिश पेपरसारखा चालतो, मग तो कमी कठीण का असेना. झिर्कोनियावर नुसता चमकदार ग्लेझचा थर दिला असेल तर तो काही काळानं उडतो आणि खालचा खरखरीत भाग उघडा पडतो.

खडबडीतपणा यायला आणखीही कारणं आहेत. आम्लयुक्त फ्लोराइड जेल सिरॅमिकमधली काच खातं, म्हणून तोंडात पोर्सेलीन असेल तर डॉक्टर आम्ल नसलेलं फ्लोराइड वापरतात. पण सगळ्यात नेहमीचं कारण दवाखान्यातच घडतं. कॅप बसवताना चावा उंच लागतो. डॉक्टर निळा कागद चावायला देतात, जिथं ठिपका उमटतो तिथं हिऱ्याच्या बरनं घासतात, पुन्हा चावायला लावतात. या घासण्यात लॅबमधून आलेला गुळगुळीतपणा नेमका चावण्याच्या जागी निघून जातो. चावा बरोबर लागला की पेशंटला हायसं वाटतं आणि तो उठायच्या तयारीत असतो.

घासलेल्या जागेवर पुन्हा पॉलिश झालं का, हे विचारायची वेळ ती. काम पाच-दहा मिनिटांचं असतं. खरखरीतकडून बारीककडे जाणारी दोन-तीन रबरी चाकं त्या जागेवर फिरवतात. झिर्कोनियासाठीच्या त्या चाकांत भरलेली पूड हिऱ्याची असते, मोसच्या यादीतला १० नंबर.